मारबतीतला ट्रम्प, सीताबर्डीचा रेसिडेंट आणि 'सार्वभौम' म्हणजे नेमकं कोण?

बर्डीवाला | २४ ऑगस्ट २०२५, रात्री ९:५०

काल भाच्याला नागपूरची मारबत, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची पुतळ्यांची मिरवणूक, दाखवायला घेऊन गेलो होतो. पोरगा नववीत, पुण्यात वाढलेला. काळी आणि पिवळी मारबत नेहरू पुतळ्यापाशी समोरासमोर येतात तेव्हा जो कल्ला होतो तो त्यानं पहिल्यांदाच पाहिला. यंदा बडग्यांमध्ये, म्हणजे टर उडवायच्या पुतळ्यांत, टॅरिफवाला ट्रम्पही होता. सगळे बोंबलत होते, 'घेऊन जा गे मारबत!' हाही घसा बसेपर्यंत बोंबलला. परतताना स्कूटरवर मागून प्रश्न आला, "मामा, आपण तेल कोणाकडून घ्यायचं हे ते कसे काय ठरवतात? आमच्या पुस्तकात तर भारत सार्वभौम आहे."

"आहेच," मी म्हटलं. सिग्नल लागला होता. पुढचं वाक्य काही सुचेना.

प्रकरण सगळ्यांना माहीत आहे. अमेरिकेनं ७ ऑगस्टपासून आपल्या मालावर २५ टक्के लावले. रशियाचं तेल घेतो म्हणून आणखी २५ टक्के येत्या बुधवारपासून, म्हणजे नेमके गणपती बसतील त्या दिवशी.

घरी आल्यावर त्याला जे सांगितलं ते इथं टाकतो. चुकलं असेल तर मास्तर कान धरतीलच. १५ ऑगस्टला सीताबर्डीचा किल्ला लोकांना उघडा असतो, एरवी लष्कराकडे. यंदा मी चढून गेलो होतो. नोव्हेंबर १८१७ मध्ये तिथं इंग्रज आणि आप्पासाहेब भोसल्यांची फौज लढली. आपल्या डोक्यात असं बसलेलं असतं की ती लढाई हरलो आणि नागपूरचं राज्य गेलं. पण राज्य खालसा झालं १८५४ मध्ये! मधली छत्तीस वर्षं गादी होती, तिच्यावर तिसरे रघुजी होते, दरबार होता, मानकरी होते. आणि त्याच वेळी टेकडीच्या पायथ्याशी इंग्रजांचा रेसिडेंटही होता, म्हणजे दरबारावर नजर ठेवणारा कंपनीचा माणूस.

मूळ घोळ तर लढाईच्याही आधीचा. मे १८१६ चा तह. कंपनीची तैनाती फौज ठेवायची, तिचा खर्च आपण द्यायचा आणि दुसऱ्या कुठल्याही दरबाराशी कंपनीला विचारल्याशिवाय बोलणी करायची नाहीत. लढाई झाली ती त्या फासातून मान सोडवायला.

मला वाटतं, झेंडा उतरायच्या पुष्कळ आधी 'आम्ही हे करणार नाही' असं म्हणायची सोय गेलेली असते. आज संयुक्त राष्ट्रांत १९३ सभासद देशांचे झेंडे फडकतात. त्यातल्या किती जणांच्या बर्डीवर रेसिडेंट बसलाय? आणि आजचा रेसिडेंट राहतो कुठल्या बंगल्यात?

---

निवृत्त मास्तर | २५ ऑगस्ट, सकाळी ६:३५

कान धरायला आलोच.

पहिली दुरुस्ती. १८१८ नंतर रघुजी लहान होते म्हणून रेसिडेंट जेनकिन्सनं १८२६ पर्यंत कारभार स्वतःच हाकला, मग थोडाथोडा परत दिला. म्हणजे छत्तीस वर्षं सारखी नव्हती. मात्र डिसेंबर १८५३ मध्ये रघुजी निपुत्रिक वारले तेव्हा दत्तकाचा प्रश्न डलहौसीनं निकालात काढला, आणि वाड्यातले हत्ती, घोडे, बैल याच सीताबर्डीच्या बाजारात विकले गेले. जवाहीर गेलं कलकत्त्याच्या लिलावात. ज्याला 'मित्र संस्थान' म्हणत होते त्याच्या बैलांचाही भाव झाला.

दुसरी गोष्ट. कॉलेजात 'वेस्टफालियाचा तह, १६४८, तिथून सार्वभौम राज्य सुरू' अशी एक ओळ आम्ही वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिली. मीही लिहिली. ती अर्धी खरी. म्युन्स्टर आणि ओस्नाब्रुक इथल्या त्या तहांत जर्मन राजेरजवाड्यांना बाहेरच्यांशी करार करायची मुभा मिळाली, पण सम्राटाविरुद्ध करार करायचे नाहीत या अटीवर. 'आपल्या हद्दीत आपणच मालक, बाहेरच्यानं नाक खुपसायचं नाही' हे पूर्ण तत्त्व त्यात शोधूनही सापडत नाही. ते नंतरच्या अभ्यासकांनी मागाहून तिथं नेऊन ठेवलं. सार्वभौमत्वाची व्याख्या बोदँ या फ्रेंच माणसानं त्याच्याही आधी, १५७६ मध्ये केली होती. आणि हे जे काय होतं ते युरोपातल्या युरोपात. आशिया-आफ्रिकेच्या वाट्याला तैनाती फौज.

तिसरी गंमत तुमच्या भाच्याला सांगा. भारत संयुक्त राष्ट्रांचा संस्थापक सभासद आहे. सनदेवर सही जून १९४५ ची. स्वातंत्र्य ऑगस्ट १९४७ चं. त्याच्याही आधी १९१९ च्या व्हर्सायच्या तहावर भारताच्या वतीनं सह्या झाल्यात, त्यातली एक बिकानेरच्या महाराजांची. खुर्ची होती, पाटी होती, देश कुठं होता? तेव्हा 'सार्वभौमत्व बदलतंय' म्हणताना ते कधी अख्खं होतं का, हे आधी विचारा.

आता थोडं अवांतर. १९७२ च्या दुष्काळात मी पंधरा वर्षांचा होतो. महालातल्या रेशन दुकानासमोर पिशवी घेऊन उभं राहायचं काम माझं. मिळायचा मिलो. अमेरिकेची लाल ज्वारी. आई उकळत्या पाण्यात पीठ भिजवायची तरी भाकरीच्या कडा फाटायच्या, आणि तव्यावर पडली की एक विचित्र वास. बाबा ताटावर बसून काही बोलायचे नाहीत, फक्त ताक जास्त मागायचे. त्याच्या आधी, १९६५ ते ६७ मध्ये, पीएल ४८० या अमेरिकेच्या अन्नमदतीच्या कायद्याखाली येणाऱ्या गव्हाची जहाजं सोडायची की नाही हे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन महिन्या-महिन्यानं ठरवत. व्हिएतनामवर आपण काय बोलतो याकडे त्यांचं लक्ष असे. त्यामुळे रेसिडेंट काही आज आलेला नाही, बर्डीवाला.

---

काटोलची बाग | २५ ऑगस्ट, सकाळी ८:१०

मास्तर, एकदम अमेरिकेवर कायले जाता? आमचा रेसिडेंट ढाक्यात बसते.

आंबिया बहाराच्या संत्र्याचा बारीक माल दरसाल बांगलादेशात जाये. तिकडं त्यायले बारीक, आंबटगोड संत्रंच आवडते. २०१९ ले किलोमागं २० टका (टका म्हणजे त्यायचा रुपया) ड्युटी होती. वाढवत वाढवत २०२३ मध्ये ८८ टका केली. संत्र्याच्या भावापेक्षा कर जास्त! व्यापारी बागेत आला, फळ हातात घेऊन पाह्यलं, सोलून खाल्लं, म्हणे काका माल तर झकास हाय, पण बॉर्डरवर टका लागते. अन् गेला निघून. मंग तोच बारीक माल नागपुरात कळमन्याच्या बाजारात येऊन पडला अन् मोठ्या मालाचाही भाव घेऊन बसला. राज्य सरकारनं अनुदान जाहीर केलं, पण तोवर माझी बाग तुटली होती.

आता ढाक्याच्या सरकारची मारबत कोण काढन?

---

रातकिडा | २५ ऑगस्ट, सकाळी ९:०२

+१ काटोल. पण दादा, ढाक्यातही एखादा धागा असेलच की! २०१९ च्या सप्टेंबरात आपण एका रात्रीत कांद्याची निर्यात बंद केली. शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या तेव्हा भर कार्यक्रमात हसत हसत म्हणाल्या होत्या की स्वयंपाक्याला कांदा घालू नको म्हणून सांगावं लागलं. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा बंदी. त्यांच्या कांद्यापुरते रेसिडेंट आपण.

---

हिंगण्याचा बोल्टवाला | २५ ऑगस्ट, दुपारी १:२०

वाचतोय. जेवणाच्या सुट्टीत लिहितो.

माझी हिंगणा एमआयडीसीत लहान शेड आहे. नट-बोल्ट बनवतो, थोडा माल एका जर्मन गिऱ्हाइकाला जातो. ऑक्टोबर २०२३ पासून युरोपीय संघानं कार्बन सीमाकराचा, म्हणजे बाहेरून येणारा माल बनवताना निघालेल्या कार्बनवरच्या कराचा, तात्पुरता टप्पा सुरू केला. तूर्त पैसे नाहीत, फक्त हिशेब. १ जानेवारी २०२६ पासून पैशांचा टप्पा. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत वगैरे. मला वाटलं, आपण कुठं पोलाद बनवतो? तर बोल्टही त्याच यादीत.

हिशेब म्हणजे काय ते ऐका. गिऱ्हाईक एक एक्सेल पाठवतं. खाली टॅबच टॅब. माझ्या भट्टीत गॅस किती जळला, महावितरणचे युनिट किती, आणि ज्या तारेपासून बोल्ट बनला ती तार बनवताना गिरणीत किती कार्बन निघाला. तार येते रायपूरहून. मी गिरणीत फोन लावला. तिथला माणूस आधी हसला, मग म्हणाला, "साहब, बिल चाहिए तो भेज दूँ, धुएँ का हिसाब हम नहीं रखते."

आपल्या संसदेनं असा कायदा केलेला नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची माझी संमतीपत्रं सगळी वेळेवर आहेत. तरी ब्रुसेल्सला बसून कोणीतरी नियम करतं आणि माझ्या शेडमध्ये रात्री नऊ वाजता मुलगी एक्सेल भरत बसते. तिची बारावी आहे यंदा. मी 'नाही' म्हणू शकतो का? म्हणू शकतो की. ऑर्डर पुढच्याला जाईल, बस.

बर्डीवाला, माझा रेसिडेंट बंगल्यात राहत नाही. तो अटॅचमेंट म्हणून येतो.

---

बंडू फॉर्मात | २५ ऑगस्ट, दुपारी १:४४

काहून एवढं टेन्शन घेऊन राह्यले बे सगळे. दम असन तं कोणी वाकवत नाही. चीनले वाकवून दाखवा म्हणा.

---

कोर्टाची पायरी | २५ ऑगस्ट, रात्री ११:१५

बंडूभाऊंच्या एका ओळीत तथ्य आहे, पण दम कागदावरही लागतो. मी वकिली करते, म्हणून कागदाची बाजू मांडते.

आपण जगाशी करार करतो तेव्हा घरात काय होतं? शेती हा राज्यघटनेच्या राज्यसूचीतला विषय. पण कलम २५३ म्हणतं की आंतरराष्ट्रीय कराराच्या अंमलबजावणीसाठी संसद कुठल्याही विषयावर, अगदी राज्यसूचीतल्याही, कायदा करू शकते. आणि करार करताना संसदेची आधी मंजुरी घ्यायची सक्ती नाही. एप्रिल १९९४ मध्ये माराकेशला जागतिक व्यापार संघटनेच्या करारावर सही झाली ती सरकारची. डिसेंबरात आमदार नागपूरला येऊन कापसावर कितीही तास बोलोत, त्या सहीला हात लावायची सोय विधानभवनात नाही. सार्वभौमत्व देशाबाहेर गेलं की नाही यावर आपण भांडतो, देशातल्या देशात ते कुठून कुठं सरकलं याकडे कोणी पाहत नाही.

दुसरं उदाहरण केर्न या ब्रिटिश तेल कंपनीचं. २०१२ मध्ये आपण पूर्वलक्षी, म्हणजे आधी होऊन गेलेल्या व्यवहारांवरही, कर लावणारा कायदा केला. कर लावणं म्हणजे सार्वभौमत्वाचा गाभा, बरोबर? केर्न कंपनी ब्रिटनबरोबरच्या गुंतवणूक कराराच्या आधारे लवादात गेली. डिसेंबर २०२० मध्ये लवादानं भारतानं १.२ अब्ज डॉलर द्यावेत असा निर्णय दिला. आपण देईनात. मग कंपनीनं देशोदेशीची कोर्टं गाठली आणि जुलै २०२१ मध्ये फ्रेंच कोर्टाच्या आदेशानं पॅरिसमधल्या भारत सरकारच्या वीसेक मालमत्तांवर टाच आली. सार्वभौम देशाच्या फ्लॅटवर, थकबाकीदाराच्या फ्लॅटवर येते तशी! महिन्याभरात, ऑगस्टमध्ये, संसदेनं तो पूर्वलक्षी कर मागं घेतला आणि नंतर सुमारे ७,९०० कोटी रुपये परत केले.

त्या कायद्याबद्दल माझं मत मुळातच वाईट होतं, त्यामुळे अश्रू ढाळत नाही. पण तीन माणसांच्या लवादानं संसदेला कायदा फिरवायला लावला ही वस्तुस्थिती उरतेच.

आता उलट बाजू, नाहीतर एकतर्फी होईल. १९२३ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात 'विम्बल्डन' जहाजाचा खटला चालला. कील कालव्यातून ते जहाज जर्मनीनं जाऊ दिलं नव्हतं, आणि आमच्या सार्वभौमत्वाला बाधा येते हा बचाव होता. न्यायालयाचं म्हणणं असं पडलं की करार करून स्वतःला बांधून घेता येणं हे सार्वभौमत्वाचंच लक्षण आहे. लग्न केलं म्हणून माणूस गुलाम होत नाही, तसंच काहीसं. (यावर विनोद करू नयेत, धागा भरकटेल.) आपणही केर्नसारख्या प्रकरणांनंतर बरेचसे जुने गुंतवणूक करार रद्द करून नवा मसुदा पुढं केलाच की. बांधून घेता येतं तसं सोडवूनही घेता येतं.

---

राईनकाठचा नागपूरकर | २६ ऑगस्ट, पहाटे ३:०५

बोल्टवाले काका, माफी असावी, तुमचं एक्सेल आमच्याच गावाहून येत असेल. :)

इथं राहून एक गोष्ट दिसते. युरोपातल्या देशांनी आपलं सार्वभौमत्व स्वतःहून तुकड्या-तुकड्यानं एका डब्यात ठेवलं. चलन, सीमा, व्यापार. आणि आता प्रत्येक जण रात्री उठून डबा उघडून बघतो की आपलं आहे ना जागेवर. ब्रिटननं २०१६ ला कौल घेतला, ३१ जानेवारी २०२० ला डबा घेऊन निघून गेला. जर्मनीनं सप्टेंबर २०२४ पासून सगळ्या जमिनी सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली. शेजारच्या देशात भाजी आणायला जाताना कधी पासपोर्ट नेला नव्हता, आता गाडीच्या खणात ठेवतो.

पण खरा धडा ग्रीसचा. ५ जुलै २०१५. कर्जाच्या अटी मान्य आहेत का असा सरळ प्रश्न जनतेला विचारला. ६१ टक्के लोक म्हणाले, नाही. लोकशाहीत याहून मोठ्यानं 'नाही' म्हणता येत नाही. तेव्हा तिथल्या बँका बंद होत्या, एटीएममधून दिवसाला ६० युरो मिळत होते आणि चलन ग्रीसच्या हातात नव्हतं. आठवडा-सव्वा आठवड्यात सरकारनं जवळपास तशाच, काही बाबतीत जास्त कडक अटी मान्य केल्या. मी तेव्हा इथं नवीन होतो. ऑफिसात एक ग्रीक सहकारी होता. त्या सोमवारी तो कॉफीच्या मशिनपाशी नुसता उभा होता, बटण न दाबता.

बर्डीवाला म्हणतात ती 'नाही म्हणायची सोय' कागदावर पूर्ण होती. मतपत्रिका छापून होती.

---

मिहानमधला रात्रपाळीवाला | २६ ऑगस्ट, पहाटे ४:३०

जागाच आहे. नायराचं कोणी कसं लिहिलं नाही?

गुजरातेत वाडीनारला नायरा एनर्जीची रिफायनरी आहे. कंपनी भारतात नोंदलेली, पण ४९ टक्के हिस्सा रशियाच्या रोसनेफ्टचा. १८ जुलैला युरोपीय संघानं तिच्यावर निर्बंध लावले. भारतानं लावले नाहीत, संयुक्त राष्ट्रांनी लावले नाहीत, तेव्हा अमेरिकेनंही लावलेले नव्हते. काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टनं कंपनीची ईमेल आणि टीम्स बंद केली. परवान्यांचे पैसे भरलेले असताना. नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग सेवा परत सुरू झाली.

म्हणजे बघा, युरोपचा कायदा, अमेरिकेची कंपनी आणि बंद पडली गुजरातेतल्या माणसाची मेल. तहावर सही कोणाची? कोणाचीच नाही. 'आय अग्री'वर टिक केलेली, न वाचता.

त्या आठवड्यात आमच्या मॅनेजरनं एक यादी करायला सांगितली. उद्या बाहेरून कोणी बटण दाबलं तर आपलं काय काय थांबेल? मी म्हटलं अर्ध्या तासात देतो. मेल, फाइली, हजेरी, दाराचं कार्ड, पगाराची प्रणाली, बॅकअप, आणि बॅकअप उघडायची किल्लीसुद्धा. पहाटेपर्यंत यादी संपली नाही. शेवटी मॅनेजर म्हणाला, सोप्पं कर, काय सुरू राहील ते लिही. मी लिहिलं: चहाचं मशिन.

बाकी सरकारं अगदीच हातावर हात ठेवून नाहीत. रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्ये व्यवहारांची माहिती भारतातच साठवा म्हणून सांगितलं. मास्टरकार्डनं पाळलं नाही तर जुलै २०२१ पासून जवळपास वर्षभर नवीन गिऱ्हाईक घ्यायला बंदी केली. शेवटी पाळलंच. बंडूभाऊंचा दम तो हाच. आपल्याकडं यूपीआय आणि रुपे होतं म्हणून तो दाखवता आला. पर्याय नसता तर आपणच कार्ड स्वाइप करत गप्प बसलो असतो.

---

निवृत्त मास्तर | २६ ऑगस्ट, सकाळी ६:५०

रात्रपाळीवाल्यांचा प्रतिसाद वाचून चहा गार झाला.

एकाच बाजूनं रडायला नको म्हणून एक आठवण. 'दुसऱ्याच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ नको' हे तत्त्व आपण पाठ म्हणतो. डिसेंबर १९७१ मध्ये मात्र पूर्व पाकिस्तानात आपण शिरलो. कोटीच्या घरात निर्वासित आले होते, कत्तल चालली होती, माझ्या मते शिरलो ते योग्यच केलं. पण ७ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्धबंदी आणि माघारीच्या ठरावावर मतदान झालं तेव्हा १०४ देश ठरावाच्या बाजूनं होते, विरोधात फक्त ११. बाजूनं मत देणाऱ्यांत आपले कितीतरी अलिप्ततावादी मित्र होते. त्यांना भीती ही की आज ढाका, उद्या आमचं बिंग फुटेल.

पुढं २००५ मध्ये जगानं मान्य केलं की सरकार आपल्याच लोकांची कत्तल रोखत नसेल तर जगाची जबाबदारी येते. २०११ मध्ये त्याच नावाखाली लिबियात बॉम्ब पडले आणि काम 'लोक वाचवा'वरून 'गद्दाफी हटवा'वर कधी गेलं कळलंच नाही. त्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. रशिया-चीनही. त्यानंतर सीरियाच्या वेळी त्या तत्त्वाचं नावही कोणी धड घेतलं नाही.

---

सावनेरची कपाशी | २७ ऑगस्ट, सकाळी ७:४५

गणपती बाप्पा मोरया. मखर पोरांवर सोडलं अन् लिहायला बसलो.

तुमी सगळे तेल-तेल करून राह्यले, माह्या वावरात काय झालं ते सांगतो. परदेशी कापसावर ११ टक्के आयात शुल्क होतं, २०२१ पासून. १९ ऑगस्टले सरकारनं ते काढून टाकलं, ३० सप्टेंबरपर्यंत. काहून? तं म्हणे कापडवाल्यांवर अमेरिकेचा टॅरिफ पडते, त्यायले कच्चा माल स्वस्त भेटला पाह्यजे. म्हणजे टॅरिफ लावला वॉशिंग्टननं, शर्टावर. अन् त्याचा भार उतरवला सावनेरच्या बोंडावर. यंदा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये हाय. हमीभाव कागदावर ऱ्हायते अन् व्यापारी म्हणते, बाहेरची गाठ स्वस्त पडते, तुमी सीसीआयले (सरकारी कापूस महामंडळाले) द्या.

अमेरिकेचा शेतकरी सबसिडी घेऊन कापूस पिकवते हे काही नवीन नाही. ब्राझीलनं त्यावर केस केली होती ना, वकीलताई?

---

कोर्टाची पायरी | २७ ऑगस्ट, सकाळी १०:२०

केली होती आणि जिंकलीही. २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला, निकाल ब्राझीलच्या बाजूनं लागला. अमेरिकेनं सबसिडी काढली का? पूर्ण नाही. आधी काही वर्षं ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी पैसे दिले आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. श्रीमंत माणूस दंड भरून गाडी नो पार्किंगमध्येच लावतो तसं.

आणि आता तर तोही रस्ता बंद. त्या संघटनेचं अपिलाचं मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे, कारण नेमणुका अमेरिकेनंच अडवल्यात. खाली हरलेला देश अपील टाकतो आणि प्रकरण अधांतरी लटकतं. हा मार्ग आपणही वापरलाय, साखरेच्या वादात.

एक मुद्दा मात्र प्रामाणिकपणे नोंदवायला हवा. ते ११ टक्के काढा अशी कापडगिरण्यांची मागणी टॅरिफच्या आधीपासून होती. तेव्हा सगळं वॉशिंग्टनच्या माथी मारता येत नाही. घरातल्या दोन भावांचं भांडण होतं, बाहेरच्यानं दगड मारल्यावर थोरल्यानं आपलं काम उरकून घेतलं.

---

बर्डीवाला | २८ ऑगस्ट, रात्री १०:३०

दीड दिवसाचा गणपती विसर्जन करून आलो. सगळं एकदम वाचलं.

माझ्या मूळ पोस्टीतली तुलना थोडी ढिली होती हे मान्य. १८१६ मध्ये एक दोरी होती आणि ती एकाच्या हातात होती. काटोलवाल्यांची दोरी ढाक्यात, ढाक्याची लासलगावात, बोल्टवाल्यांची ब्रुसेल्सला. आणि मास्टरकार्डची एक दोरी मुंबईत. प्रत्येकाच्या मुठीत दुसऱ्याचं काहीतरी आहे. फरक मुठीच्या ताकदीचा.

पण मूळ म्हणणं सोडत नाही. ग्रीसच्या उदाहरणानं उलट पक्कं झालं. 'नाही' म्हणायचा हक्क सगळ्यांना आहे, त्यानंतर किती दिवस तग धरता येतो हा हिशेब वेगळा. १९९१ आठवा. परकीय चलन संपत आलं तेव्हा रिझर्व्ह बँकेनं जुलैमध्ये सुमारे ४७ टन सोनं विमानानं इंग्लंडला गहाण पाठवलं होतं. माझे वडील बँकेत होते. ती बातमी आली त्या दिवशी ते घरी येऊन आईला म्हणाले होते, तुझ्या पाटल्या काढून बघ गं, आहेत ना. २०२२ मध्ये रशियाची ३०० अब्ज डॉलरच्या आसपासची गंगाजळी पाश्चात्त्य देशांनी गोठवली. त्यानंतर २०२४ मध्ये आपण १०० टन सोनं ब्रिटनहून परत आणलं. कारण म्हणून अधिकृतपणे काहीही सांगोत, माझ्या वडिलांनी तरी बरोब्बर ओळखलं असतं.

मास्तर, एक विचारायचं राहिलं. काळी मारबत भोसल्यांची राणी बांकाबाई हिच्या निषेधाची म्हणतात, ती इंग्रजांना सामील झाली म्हणून. हे खरं किती?

---

निवृत्त मास्तर | २९ ऑगस्ट, सकाळी ६:४०

लोक तसं सांगतात. मारबत निघायला लागली १८८१ च्या सुमारास, बांकाबाई वारली १८५८ मध्ये. मधल्या काळात ही गोष्ट किती बदलली असेल कोण जाणे. मला विचाराल तर बांकाबाईपाशी गादी होती, फौज नव्हती, खजिना रेसिडेंटच्या नजरेखाली होता, आणि 'नाही' म्हटल्यावर तग धरायला काहीच नव्हतं. शहरानं मात्र तिला दरवर्षी जाळायला ठेवलं. जेनकिन्सची मारबत मी तरी पाहिलेली नाही.

---

सावनेरची कपाशी | २९ ऑगस्ट, सकाळी ८:१५

वाचलं का पेपरात? शुल्क माफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. सप्टेंबरची होती तवा वाटलं, चला, आपला माल यायच्या आत संपून जाईन. दसऱ्यापासून वेचणी, दिवाळीत पैसा लागते, अन् डिसेंबरपर्यंत बाहेरची गाठ बिनशुल्क. अख्खा हंगामच घेतला.

सीसीआयले घालायचा तं मोबाईलवर नोंदणी करा म्हणते. पोराले सांगितलं हाय. पहिल्या वेचणीचा काय भाव भेटला ते याच धाग्यावर टाकतो.

---

हिंगण्याचा बोल्टवाला | २९ ऑगस्ट, रात्री ९:२५

टाका नक्की. माझं एक्सेल अर्ध्यावर अडकलंय. रायपूरच्या तारवाल्यानं आता फोन उचलणंच बंद केलंय.